उन्हवऱ्याची कुंडं, बाथचं इस्पितळ आणि म्हणे आपण अडाणी

खाडीपार:
काल इथे एकाने लिहिलं की युरोपात गरम झऱ्यांवर आरोग्यधामं झाली कारण तिकडे विज्ञान होतं, कोकणात कुंडांवर नुसते नवस. वाचून डोकंच फिरलं. इंग्लंडातल्या बाथला रोमनांनी झऱ्यावर आधी देवीचं देऊळच बांधलं. अंघोळीला आलेल्यांचे कपडे चोरीला गेले की लोक शिशाच्या पत्र्यावर चोराला शाप लिहून कुंडात टाकायचे. ते पत्रे सापडलेत. चिमाजीअप्पांनी वसईसाठी गरम कुंडांजवळच्या वज्रेश्वरी देवीला नवस केला, १७३९ला वसई मिळाली आणि देऊळ उभं राहिलं, तो तेवढा अडाणीपणा?

गुहागरी:
कालची पोस्ट माझीच. नवस दोन्हीकडे होते, ठीक. पुढचं बोला. बाथला १७४२ साली गरिबांसाठी इस्पितळ सुरू झालं, आलेला रोगी कशाने आजारी, बरा होऊन गेला की नाही, याच्या नोंदी ठेवल्या. शिशाच्या विषबाधेने हात लुळे पडलेले कारागीर तिथे सुधारायचे. मागाहून प्रयोगात दिसलं की गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की लघवीवाटे शिसं जास्त बाहेर पडतं. कोकणातल्या उन्हवऱ्याच्या, तुरळच्या, राजापूरच्या उन्हाळे गावच्या कुंडाला कुणी वही घातली?

सुपारीबाग:
वही कोण घालणार होतं? माझ्या आजीचे गुडघे धरलेले. भात झोडून झालं की तिला बैलगाडीतून उन्हवऱ्याला न्यायचे. झऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास, अंगावर घेण्याआधी निववावं लागतं. गंधकाचा वास लुगड्याला दोन धुण्यांपर्यंत राहायचा. परतल्यावर बाई माडीचा जिना धरल्याशिवाय चढायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गुहागरी:
ताई, ऊब मिळाली की आखडलेले सांधे सुटतात. घरच्या बंबाच्या पाण्यानेही सुटतात.

सुपारीबाग:
बंबाला लाकडं लागतात, आणि घरात तिला चार दिवस बसून कोण राहू देणार होतं!

चिपळूणवाला:
इतिहास राहू द्या. अरवलीचं कुंड हायवेला खेटून आहे. मागच्या खेपेला बायकोला ओले कपडे बदलायला आडोसा नव्हता, पाण्यावर शाम्पूच्या पुड्या तरंगत होत्या. आणि तो हायवे! किती वर्षं खणतायत?

मीठगर:
हायवेचं नावच काढू नका. गणपतीला मुंबईहून निघालो, वाटेत मुलाला ओकाऱ्या, वडिलांची कंबर गेली. आधी रस्ता, मग आरोग्यधाम.

चिपळूणवाला:
आणि टोल मात्र हवा यांना.

खाडीपार:
धागा कुंडांचा आहे, खड्ड्यांचा नाही!

गुहागरी:
शाम्पूच्या पुड्यांवरून हसू नका. १९७८ला बाथच्या पाण्यातल्या अमीबाने एक मुलगी दगावली, तिथलं पोहणं बंद झालं, नवं स्नानगृह २००६ला उघडलं. आपल्याकडे पाणी तपासतं कोण?

खाडीपार:
हे मात्र खरं बोललात. पण तपासणी मागायची तर आधी कुंडाला किंमत द्यावी लागते, आणि तुम्ही कालपासून ती शून्य ठरवताय.

गुहागरी:
शून्य म्हटलेलं नाही. आजीचा जिना मान्य, गंधकाचं श्रेय अजून अमान्य.

सुपारीबाग:
मान्य केल्याबद्दल उपकार झाले. ग्रामसभेत आडोशाचा आणि पाणी तपासणीचा ठराव टाकतेय, सही करायला या.