दापोलीजवळ जुनं घर बघितलंय, सातबाऱ्यावर अकरा नावं. टोकन द्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीकर. हे मार्चमध्ये रिटायर होतायत. हर्णै-आंजर्ले पट्ट्यात एक घर बघितलंय: साडेअकरा गुंठे, जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, दोन हापूस, पंधरा-सोळा पोफळी. ह्यांचा जीव पडवीवर जडला, माझा विहिरीवर.

मुद्दाम मे महिन्यात गेलो होतो. पावसाळ्यात काय, कुठलीही विहीर भरलेलीच दिसते. दोरीला कळशी बांधून सोडली, बऱ्याच खाली पाणी लागलं. किंचित मचूळ. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "चहाला चालतं हो, पण डाळ शिजत नाही."

छप्पर अर्धं कौलांचं, अर्धं निळ्या पत्र्यांचं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कौलं गेली ती गेलीच. वासा बोटाने दाबला तर भुगा हातात आला. तो खर्च धरून चाललोय.

अडलंय ते कागदांवर. विकणाऱ्या काकांनी आधी घरपट्टीची पावती दाखवली, "बघा, नाव माझंच." सातबारा आम्हीच ऑनलाइन काढला, तर अकरा नावं! तिघं वारलेत, त्यांचे वारस लागलेले नाहीत. दोघी बहिणी लग्न होऊन मुंबईला. काका म्हणतात, "वाटण्या तोंडी झाल्यायत, कोण काय बोलणार नाय. गणपतीत सगळे येतात, तेव्हा सह्या घेऊ." पण टोकनचे दोन लाख आत्ताच हवेत, कारण पुण्याचं गिऱ्हाईक आहे म्हणे. (हे पुण्याचं गिऱ्हाईक प्रत्येक घराला असतं का हो?)

शिवाय समुद्र अडीचशे पावलांवर. सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांमुळे, पुढे दुरुस्तीसुद्धा अडेल का? आणि गाडी अंगणात येते ती शेजाऱ्यांच्या खळ्यातून. ह्यांचं नाव साताऱ्याकडच्या सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नाही. बाकी काय बघू?

– विहीरवेडी

गडग्यापलीकडचा: ताई, टोकन अजिबात देऊ नका. घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे, तो फक्त कर कोण भरतो ते सांगतो. काका विकू शकतात तो त्यांचा अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला हिस्सा. आणि राहत्या घराचा असा हिस्सा बाहेरच्याने घेतला तर त्याला बाकीच्यांसोबत ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 44. म्हणजे पैसे देऊन वाटपाचा दावा विकत घ्याल.

आधी मेलेल्यांचे वारस लागू देत, मग सगळ्यांच्या सह्यांचं नोंदणीकृत खरेदीखत, नाहीतर बाकीच्यांचं काकांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र. बहिणींना विसरू नका. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, वकिलाकडून, पण काकांच्या ओळखीचा वकील नको. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं, नाव आहे का बघा. सरकारी मोजणी काकांकडूनच करून घ्या. वाट खरेदीखतात लिहून हवी, आज गोड असलेला शेजारी उद्या गडगा घालतो.

सीआरझेडचं अंतर भरतीरेषेपासून मोजतात, पावलांवर जाऊ नका. गावाकडच्या पट्ट्यात 200 मीटरच्या आत सहसा नवं बांधकाम नाही, पण अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती आहे त्या जोत्यावर करता येते. म्हणून घराची जुन्यात जुनी नोंद ग्रामपंचायतीतून काढा.

आणि आमच्याकडे घर एकाचं, जमीन दुसऱ्याची, झाड तिसऱ्याचं असं सर्रास असतं. माझ्या आतेभावाच्या अंगणातला फणस अजून शेजारी उतरवतात. विहिरीचंही विचारून घ्या.

विहीरवेडी: आभार. काकांना फोन केला. टोकन गणपतीनंतर म्हटल्यावर आवाज चढला. मग विहिरीचं विचारलं. जरा थांबले, म्हणाले, "विहीर आमचीच, पण पाणी चारी घरं भरतात. पहिल्यापासून."

डाळ शिजत नाही हे वहिनींना कसं माहीत, ते आत्ता कळलं.