सांगलीहून मुंबईत फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल: सीएसएमटीवरून की बोरिवलीहून?

विश्रामबागकर: शनिवारी रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघतोय, रविवारी सकाळी मुंबईत. मुक्काम बोरिवलीला भाच्याकडे. बरोबर आत्या आहे, वय ७२, गुडघे दुखतात. तिला सेंट थॉमस कॅथेड्रल बघायचंय. दादरला उतरून आधी बोरिवली गाठावी आणि मग मेट्रोने यावं, असा विचार आहे. बरोबर आहे का?

कृष्णाकाठ: उलटं करा. महालक्ष्मी शेवटी सीएसएमटीलाच जाते आणि चर्च तिथून जेमतेम एक किलोमीटर. दादरला उतरून बोरिवलीला जायचं आणि तेवढंच परत यायचं, हा हेलपाटा कशाला? सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. तिकीटही जपून ठेवा, ते दाखवावं लागतं.

दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, हे आपल्याकडची माणसं हमखास विसरतात. काळी-पिवळी टॅक्सी धरा, कमीत कमी भाडं ३१ रुपये. स्टेशनच्या दारातले टॅक्सीवाले एवढ्या जवळचं भाडं बऱ्याचदा नाकारतात. थोडं पुढे जाऊन चालती टॅक्सी थांबवा. आणि नुसतं 'कॅथेड्रल' म्हणू नका! कुलाब्यात होली नेम कॅथेड्रल आहे, ते कॅथलिकांचं. तिकडे नेऊन सोडतील. 'हॉर्निमन सर्कल' म्हणा.

माहुली_फाटा: चालायचं असेल तर डी. एन. रोडने कमानींखालून सरळ हुतात्मा चौक, तिथून डावीकडे वीर नरिमन रोड. हॉर्निमन सर्कलच्या अलीकडेच चर्च. साधं माणूस पंधरा मिनिटांत पोचतं. आत्यांना मात्र त्रास आहे तो सीएसएमटीसमोरच्या भुयारी मार्गाच्या पायऱ्यांचा. म्हणून टॅक्सीच.

मेट्रो ३ ने सीएसएमटी ते हुतात्मा चौक एकच स्टेशन. खाली उतरा, बॅग तपासा, पुन्हा वर या, यातच चालण्याइतका वेळ जातो.

साताऱ्याकडून एसटीने येणाऱ्यांचं गणित वेगळं. मुंबई सेंट्रलच्या गाडीत शेवटपर्यंत बसा. तिथल्या मेट्रो स्टेशनचं नाव जगन्नाथ शंकर शेठ, 'मुंबई सेंट्रल' शोधत बसलात तर चुकाल. तिथून पाचवं स्टेशन हुतात्मा चौक, लिफ्ट आहे. जमिनीखाली मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा तिकीट खिडकीवरच काढा.

विश्रामबागकर: मग चर्चवरून बोरिवलीला कसं जायचं? आणि मेट्रो नकोच का?

कृष्णाकाठ: बोरिवलीपर्यंत मेट्रोने जायचं तर आधी मरोळ नाक्याला आणि मग वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला गाडी बदलायची. गुडघ्यांना ते नको. टॅक्सीने आधी सीएसएमटीला जाऊन सामान घ्या, तीच टॅक्सी पुढे चर्चगेटला न्या. लोकल तिथूनच सुटते, त्यामुळे आत्यांना बसायला जागा मिळते. दादरला चढलात तर मिळेलच असं नाही. सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये. फक्त रविवार आहे, जम्बो ब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी मार्ग बंद) आहे का ते बघून निघा. तो साधारण सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन असतो. त्या वेळात फास्ट गाड्या स्लो मार्गावरून नेतात आणि काही रद्दही होतात.

चर्चगेट हे नावही याच चर्चचं. जुन्या मुंबईच्या किल्ल्याच्या तटाला या चर्चच्या बाजूने जो दरवाजा होता, तो चर्च गेट. तट १८६० च्या दशकात पाडला, नाव राहिलं.

माहुली_फाटा: चर्चचं काम १६७६ मध्ये सुरू झालं, पण कित्येक वर्षं अर्धवट पडून होतं. १७१८ च्या नाताळात उघडलं आणि १८३७ मध्ये कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. जुन्या मुंबईचे मैलाचे दगड इथूनच मोजलेले. आत भिंतींवर संगमरवरी स्मारकं आहेत, ती सावकाश बघा. रविवारी सकाळी उपासना असते. तेव्हा फिरून बघता येत नाही, मागच्या बाकावर बसून राहायचं. उपासना संपल्यावर फिरा.

विश्रामबागकर: ठरलं, सीएसएमटीलाच उतरतो. बॅगेला कुलूप आजच घेतो.