'पोटेन्सी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: बहुस्तरीय मॉडेलिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरचं मॉडेल दोनपेक्षा जास्त पातळ्यांवर मांडण्याच्या, टूल्सवर (मेटाडेप्थ, मेलानी, एक्समॉडेलर) मराठीत लेख लिहितेय. 'पोटेन्सी' शब्द पावलोपावली येतो. 'क्षमता' चालेल? आणि 'एक्झिक्युटेबल मॉडेल'ला (जे थेट चालवता येतं) 'निष्पादनक्षम प्रतिमान' लिहिलंय, पण ते मलाच वाचवत नाही.

उत्तर: 'क्षमता' नको, वाचक भलतंच समजेल. ॲटकिन्सन आणि क्यूने यांनी २००१ मध्ये मांडलेली पोटेन्सी हा साधा आकडा आहे: किती पातळ्या खाली उतरल्यावर गुणधर्मात किंमत (व्हॅल्यू) भरायची. समजा, वर 'दुचाकीप्रकार' आहे. त्यात 'सीसी'ची पोटेन्सी १, 'चासी नंबर'ची २. खाली 'स्प्लेंडर प्लस' आली की सीसीत ९७.२ भरलं, विषय संपला. चासी नंबरचे २ मात्र १ झाले. आणखी खाली तुमच्या दारातली गाडी, तिथे ० आणि नंबर भरला जातो. यूएमएल या नेहमीच्या चित्रभाषेत यासाठी 'मॉडेल' आणि 'गाडी' असे दोन क्लास (साचे) काढून रेघेने जोडत बसावं लागतं. मी 'पिढी' म्हणेन. चासी नंबर, पिढी २.

दुसरं उत्तर: पिढी म्हटलं की वारसा आलाच, आणि इन्हेरिटन्सला (एका क्लासने दुसऱ्याचे गुणधर्म घेणं) आपण 'वारसा'च म्हणतो. इथे तर नातं क्लास आणि ऑब्जेक्टचं, म्हणजे साचा आणि त्यातून घडलेल्या वस्तूचं आहे. नेमका तिथेच वाचक गोंधळेल.
'पोटेन्सी' तसंच ठेवलं तर होमिओपॅथी आठवणार, तिथे तर आकडा पायरीपायरीने चढतो! माझं मत 'शिल्लक'. 'चासी नंबर, शिल्लक २'. दर पातळीला एक कमी होते, शून्य झाली की किंमत भरा. समजावत बसायला नको.

प्रश्नकर्ती: 'शिल्लक' घेतला! आणि क्लॅबजेक्ट?

पहिलं उत्तर: पटलं, पिढी मागे घेतो. क्लॅबजेक्टला हात लावू नका. क्लास आणि ऑब्जेक्ट चिकटवूनच तो केलाय. स्प्लेंडर प्लस वरच्याचा ऑब्जेक्ट, खालच्याचा क्लास. 'वर्गवस्तू' म्हटलं तर शाळेचं दप्तर वाटतं.
एक्झिक्युटेबलला 'चालतं मॉडेल' लिहा, फक्त मॉडेलवरून कोड काढणाऱ्या टूलला ते लावू नका. तिथे चालतो तो कोड, मॉडेल फाइलमध्येच पडून राहतं. एक्समॉडेलरमध्ये मॉडेल आणि प्रोग्रॅम एकच असतात. क्लासमध्ये गुणधर्म घातला की चालू ऑब्जेक्टमध्येही तो दिसायला लागतो.