जोसेफ दुसरा : भूदास १७८१ ला सुटले, मग वेठ १८४८ पर्यंत कशी?

नौपाडावाचक
ठाण्यातल्या आमच्या अभ्यासगटात रविवारी प्रबुद्ध निरंकुश राजे (सुधारणा करणारे, पण सत्ता एकहाती ठेवणारे) हा विषय आहे. प्रशियाचा फ्रेडरिक, रशियाची कॅथरिन जमतंय, घोडं अडलंय ऑस्ट्रियाच्या जोसेफपाशी. १ नोव्हेंबर १७८१ च्या फर्मानाने बोहेमियातली (आजच्या चेक प्रजासत्ताकातली) भूदासपद्धत, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधून ठेवणं, गेली म्हणतात आणि वेठ १८४८ ला संपली असंही. दोन्ही खरं कसं?

खाडीकाठ
१७८१ ला माणूस सुटला, जमिनीचं देणं सुटलं नाही. लग्न करायला, गाव सोडायला, पोराला कसब शिकायला धाडायला जमीनदाराची परवानगी लागेनाशी झाली. कसत्या जमिनीपोटी वेठ चालूच. त्याची आई मारिया थेरेसाने १७७५ मध्ये तिला आठवड्याला तीन दिवसांची कमाल मर्यादा घातली होती, तेवढंच.

वेठीला खरा हात घातला तो १० फेब्रुवारी १७८९ च्या करकायद्याने. ढोबळ उत्पन्न १०० फ्लोरिन धरा. कुळाकडे ७०, जमीनदाराला १७ फ्लोरिन ४६⅔ क्रॉयत्सर, सरकारला १२ फ्लोरिन १३⅓ क्रॉयत्सर (६० क्रॉयत्सरचा एक फ्लोरिन). नोट्समध्ये ‘७० टक्के नफा’ असेल तर खोडा. बियाणं, चर्च, शाळा, गावखर्च सगळं त्या ७० मधूनच.

वाशीकर
आणि हे देणं रोखीत, तिथेच फसलं. बाजारापासून लांबच्या गावाने रोकड आणायची कुठून? जमीनदाराचे फुकटचे हात गेले, मजुरीला पैसा नाही. शिवाय वर्षाला २ फ्लोरिनपेक्षा कमी जमीनकर भरणारे आणि जमीनदाराच्या खासगी जमिनीवरची कुळं या कायद्याबाहेर. आपलीही वेठ गेली असं धरून त्यांतल्या अनेकांनी कामावर जाणंच सोडलं.

आकारणीचा पाया होता १७८५ पासूनची मोजणी. शिकलेले मोजणीदार पुरेसे नव्हते, म्हणून मापं बरीचशी गावकऱ्यांनीच घेतली. सातबाऱ्यावरून भांडलेल्याला पुढचं सांगायला नको.

नौपाडावाचक
मग रद्द कुणी केलं? जोसेफनेच?

खाडीकाठ
हंगेरीपुरतं त्यानेच, जानेवारी १७९० मध्ये. धार्मिक सहिष्णुतेची आणि भूदासांविषयीची फर्मानं ठेवली, बाकी बहुतेक मागे घेतली. १७८८ पासून तुर्कांशी युद्ध, त्यात त्याच्याच ताब्यातलं बेल्जियम बंड करून उठलेलं; सरदारांशी आणखी एक आघाडी परवडणारी नव्हती. २० फेब्रुवारीला तो वारला. करकायदा मे महिन्यात गादीवर आलेल्या भाऊ लेओपोल्डने रद्द केला, म्हणून वेठ १८४८ पर्यंत राहिली. त्याला प्रतिगामी म्हणू नका बरं, याच माणसाने आधी इटलीतल्या तस्कनीवर राज्य करताना १७८६ ला तिथे फाशीची शिक्षा काढून टाकली होती. राज्य फुटू नये म्हणून त्याने सरदारांना परत दिलं ते कुळांच्या वाट्यातलं.