पेटीच्या दुकानाला गेटवे घेऊ की बँकेचं मशीन?

भातापेटी:
नमस्कार मंडळी. बुधवार पेठेत आमचं हार्मोनियमचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मी आणि एक कारागीर. दुरुस्तीचे तीनशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत होतात, ते क्यूआरवर येतात. तिथे काही कटकट नाही. अडलंय ते नव्या पेटीवर. मागच्या आठवड्यात नाशिकच्या एका बाईंनी फोनवर २६,००० ची पेटी पसंत केली आणि म्हणाल्या, क्रेडिट कार्डासाठी लिंक पाठवा. माझ्याकडे कुठली लिंक! एनईएफटी करा म्हटलं, तर म्हणाल्या "बघते". त्या "बघते"चा अर्थ दुकानदाराला सांगायला नको.

दोन गेटवेवाल्यांना, म्हणजे लिंकवरून कार्डाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या कंपन्यांना, फोन केला. दोघांचाही दर २ टक्के अधिक जीएसटी. म्हणजे ५२० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे ९३.६०, एकूण ६१३.६०. पेटीमागे मला साडेतीन-चार हजार सुटतात, त्यातला सहावा हिस्सा हे नेणार. वडिलांना अजून आकडा सांगितलेला नाही. हे २ टक्के गिऱ्हाइकाकडून वेगळे घेतले तर चालतं का? की सरळ बँकेचं कार्ड मशीन बसवू?

जमाखर्च:
वेगळे घेऊ नका. डेबिट कार्डावर दुकानदाराने जादा आकार लावायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावलंय. क्रेडिट कार्डाचं काय, ते तुमच्या करारात बघा, बहुतेक तिथेही मनाई असते. किंमतच २६,५०० करा आणि मोकळे व्हा.

आता दर. यूपीआय आणि रुपे डेबिट यांवर १ जानेवारी २०२० पासून शुल्क शून्य आहे. बाकी डेबिट कार्डांवरच्या शुल्काला मर्यादा आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर ०.४० टक्के. म्हणजे तुमच्या पेटीवर १०४ रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे घासाघीस करायची. शुल्कावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तो तुमच्या भरायच्या करातून वजा करणं, मिळेल का, हे तुमच्या विक्रीवर कर लागतो की नाही यावर ठरतं. ते तुमच्या सीएला विचारा, इथे कुणी सांगितलं तरी ऐकू नका. माझंही.

आणि तुमचा क्यूआर दुकानाच्या नावाचा आहे ना? मग ज्यांच्याकडे रुपे क्रेडिट कार्ड आहे त्यांना तोच स्कॅन करून कार्डाने पैसे देता येतात. २,००० च्या वर त्यावर शुल्क पडतं, पण लिंकची गरज उरत नाही.

चकलीताई:
दादा, टक्के राहू द्या. पैसे कधी मिळणार ते विचारा.

माझा कोथरूडला घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. एरवी महिन्याला गेटवेतून चाळीसेक हजार यायचे. दिवाळीच्या आधी पाच दिवसांत तीन लाखांच्या ऑर्डर आल्या. मी खूश, आणि त्यांनी माझे पैसे रोखून धरले. "अचानक वाढ, तपासणी सुरू आहे." बिलं मागितली, पाठवली. पुन्हा तीच मागितली. फोनवर माणूस नाही, नुसतं तिकीट नंबर. अकरा दिवस! तेवढ्यात भाजणी, तेल, तूप, कामाला येणाऱ्या चार बायकांचे पगार, सगळं नवऱ्याकडून उसने घेऊन भागवलं. (त्याने अजून दोनदा तरी आठवण करून दिलीय.)

तुमचं तर आगाऊ रक्कम घेऊन पेटी नंतर द्यायची असते. अशा धंद्याकडे ते जास्त संशयाने बघतात, कारण माल पोचला नाही म्हणून गिऱ्हाइकाने कार्डवाल्या बँकेकडे तक्रार केली की रक्कम त्यांच्या गळ्यात येते. अर्ज करतानाच लेखी कळवा: पेटी बनायला इतके दिवस लागतात, एकेक बिल इतक्याचं असतं. गर्दीच्या महिन्याआधी मेल टाका. मी आता टाकते.

स्वाइप_करा:
बँकेचं मशीन. भाडं लागतं, पण शाखेत जाऊन समोरच्या माणसावर ओरडता येतं. लांबच्या गिऱ्हाइकाला मात्र त्याचा उपयोग नाही.

भातापेटी:
सगळ्यांचे आभार. चकलीताई, तुमचं वाचून आधी हिशेब केला. पेटीला तीन आठवडे लागतात, लाकूड आणि रीड (पेटीतल्या सूर देणाऱ्या पट्ट्या) मला आधी रोखीने आणावे लागतात. अशा वेळी पैसे अडकले तर काम थांबेल. म्हणून असं करतोय: आगाऊ रक्कम एनईएफटीने किंवा क्यूआरवर, आणि पेटी तयार झाली की उरलेल्या रकमेची लिंक. पेटी वाजवल्याचा व्हिडिओ पाठवून मगच. लिंकवर कमी रक्कम राहिली तर टक्केही कमी जातील.

गेटवेवाल्याला विचारलं, "पैसे अडकले तर कुणाला फोन करायचा?" तो म्हणाला, "सर, ॲपमध्ये चॅट आहे." दुसऱ्याने पुण्यातल्या माणसाचा नंबर दिला. दर तोच. लावून पाहिला, तिसऱ्या घंटीला उचलला.

नाशिकच्या बाईंचा अजून फोन नाही. उद्या मीच करतो.