वर्षाच्या धान्याला गोळी हवीच का?

कोठीघर:
मार्केट यार्डातून वर्षाचा गहू आणि कडधान्यं घरी आली की 'पिंपात एक गोळी टाका, वर्षभर बघायला नको' हा सल्ला हमखास मिळतो. ही कीड मारायची गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाईडची. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो आणि त्या विषावर उतारा नाही. दारं-खिडक्या लावून झोपणाऱ्या फ्लॅटमध्ये हे माणसाच्या जिवाशी आहे. सर्वसामान्य ग्राहकाला ती विकायला परवानगीही नाही. घरासाठी कडुनिंबाचा पाला, एरंडेल, वेखंड पुरेसं आहे, असं माझं ठाम मत.

भुसारमाल:
घरात गोळी नकोच, त्यावर वाद नाही. पण 'पुरेसं' कशाच्या जोरावर म्हणता? सोंडे दाणा पोखरून आत अंडं घालतात आणि भोक बुजवून टाकतात. अळी आतच वाढते, तिला बाहेरच्या पाल्याचं काय? गव्हासोबत कीड आलेली असेल तर महिना-दीड महिन्यात सोंडे दिसणारच. शिवाय कडुनिंबातलं किडीला रोखणारं द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, मुख्यतः निंबोळीच्या गरात असतं, पाल्यात फारच कमी, आणि उन्हात ते लवकर नासतं. लोक पाला गच्चीवर कडक उन्हात वाळवतात, नाहीतर दमटच टाकतात. मग पाल्याभोवतीचंच धान्य बुरसतं.

बी-बियाणे:
दोघंही सगळ्या धान्यांना एकाच मापाने मोजताय. कडधान्यातला भुंगा अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो, पांढरे ठिपके डोळ्यांनी दिसतात. तेलाचा पातळ थर बसला की अंड्यांना हवा मिळत नाही. म्हणून मूग, चवळी, हरभऱ्याला एरंडेल खरंच लागू पडतं: किलोला 5 मिली. परातीत किलो-किलो घेऊन प्रत्येक दाणा चकाकेपर्यंत हाताने चोळायचं. पाच किलोवर एकदम ओतलं तर खाली तेलाचा लगदा होतो, वरचे दाणे कोरडे राहतात आणि भुंगा तिथेच लागतो. गव्हातल्या सोंड्यांवर तेलाचा भरवसा एवढा नाही. डाळ करून ठेवली तर भुंग्याचा त्रास मुळातच कमी.

वेखंडाची पूड किलोला 10 ग्रॅम, पण फक्त पेरायच्या बियाण्याला. त्यातल्या बीटा-ॲसॅरोन या द्रव्याने प्रयोगातल्या उंदरांना कर्करोगाच्या गाठी झाल्या आहेत. खायच्या धान्यात ती घालूच नका.

कोठीघर:
वेखंड वगळू. बाकी म्हणणं तेच आहे, कारण पाला एकटा वापरायचाच नसतो. गव्हाला एप्रिल-मेमध्ये पातळ पसरून दोन-तीन उन्हं द्यायची. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. ओलावा 12 टक्क्यांच्या खाली हवा. संध्याकाळी पूर्ण निवल्यावरच भरायचं. गरम भरलं की झाकणाला आतून पाणी धरतं आणि वरचा थर आधी खराब होतो. पिंपाच्या सांदीतलं जुनं पीठ ब्रशने काढायचं, नाहीतर पोरकिडे तिथूनच चढतात. मग सावलीत वाळवलेल्या पाल्याचे थर. तांदळाला मात्र ऊन नको, तो तडकतो आणि भाताच्या कण्या होतात.

भुसारमाल:
म्हणजे काम केलं उन्हाने आणि श्रेय पाल्याला! आतली अळी मारायची तर थोड्या मालाला उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. पिशवी घट्ट बांधा आणि बाहेर काढल्यावर खोलीइतकी गरम होईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यावर दव धरतं.

कोठीघर:
पाला कीड मारण्यासाठी नाहीच, बाहेरून येणाऱ्या किडीला नावड वाटावी म्हणून आहे. आणि ती येते झाकण रोज उघडल्याने. पावसाळ्यात पंधरवड्यापुरता गहू वेगळ्या डब्यात काढा, मोठं पिंप बंदच ठेवा.