आईवडील गेल्यानंतर आलेलं व्याज: कोणाचं उत्पन्न?

पोटमाळा:
काल नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरत आला. ‘आईवडील वारले तर घाबरू नका. त्या वर्षाचं सगळं उत्पन्न 31 मार्चपर्यंत त्यांच्याच पॅनवर दाखवा. नंतर हातात येतं तो वारसा, आणि वारशावर भारतात कर नाही.’ खाली धडाधड हात जोडलेले. मला राहवलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

यातलं अर्धं खरं आहे, आणि त्यामुळेच लोक फसतात. वारशाने आलेली ठेव, घर, शेअर यांवर कर नाही हे बरोबर. मृताच्या मालमत्तेवर लागणारा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, 1985 साली गेली. पण ठेव वारशाने आली म्हणून तिच्यावर पुढे चढणारं व्याज वारसा होत नाही. घर वारशाने आलं, तरी दर महिन्याचं भाडं हे उत्पन्नच.

माणूस ज्या दिवशी जातो त्या दिवशी त्याचा हिशेब थांबतो. 1 एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं विवरणपत्र त्याचं, ते वारसाने प्रतिनिधी म्हणून भरायचं (आयकर कायद्याचं कलम 159). पुढचं उत्पन्न, मृत्युपत्र आणि ते अमलात आणणारा एक्झिक्युटर असेल तर वाटणी पुरी होईपर्यंत इस्टेटीचं, म्हणजे मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचं (कलम 168), नसेल तर वारसांचं, ज्याच्या त्याच्या हिश्श्याने. नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. मी बोलतोय त्या वर्षाला 1961 चाच कायदा.

माझी आई 14 ऑगस्ट 2024 ला गेली. तिची 20 लाखांची ठेव, सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज 1,40,000. एप्रिलपासून 136 दिवस ती होती, म्हणजे तिचं व्याज साधारण 52,000 आणि उरलेलं 88,000 आमचं. जेवणाच्या टेबलावर तिची व्याजाची वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. वहीत तिच्या अक्षरात ऑगस्टची ओळ आखून ठेवलेली होती, रिकामी. त्या ओळीच्या पुढचं तिच्या नावावर लिहायला माझा हात धजला नाही. कायदाही तेच सांगतो.

आणखी एक. वर्ष अर्धवट असलं तरी मृताला करमुक्त मर्यादा पूर्ण मिळते, दिवसांच्या प्रमाणात कापत नाहीत. म्हणजे प्रामाणिकपणे भरूनही बहुतेक घरांत मृताच्या वाट्याला कर येतच नाही. मग लपवायचं कशाला?

सरळहिशेब:
कलमं तुम्हाला पाठ आहेत, पण बँकेच्या खिडकीवर किती वेळा उभे राहिलात? माझे वडील नोव्हेंबरात गेले. दाखला दोन आठवड्यांत दिला, तरी बँकेने मार्चपर्यंतचा सगळा टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापायचा कर, वडिलांच्या पॅनवर कापला. मी तुमच्यासारखाच शहाणपणा केला. नोव्हेंबरानंतरचं व्याज माझ्या विवरणपत्रात दाखवलं आणि त्यावरच्या टीडीएसचं क्रेडिट मागितलं. क्रेडिट नाकारलं, वर मलाच मागणीची नोटीस! 26एएसमध्ये, म्हणजे कोणाच्या पॅनवर किती कर कापला त्या उताऱ्यात, वडिलांचं नाव, मी कोण? बँकेत गेलो तर म्हणे, ‘साहेब, तिमाही रिटर्न भरून झालं, आता बदलत नाही.’ चार फेऱ्या, दोन अर्ज, एक पोच नाही.

पुढच्या वर्षी आई गेली तेव्हा सगळं तिच्याच पॅनवर दाखवलं. परतावा आला, विषय संपला. ही चोरी नाही. सरकारला त्याचे पैसे आधीच मिळालेले होते.

पोटमाळा:
फेऱ्यांचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण परतावा कशाचा आला हे बघा. तुम्ही पगारदार, वरच्या स्लॅबमध्ये असाल. मृत्यूनंतरचं व्याज तुमचं होतं. ते आईच्या नावावर दाखवून तिची करमुक्त मर्यादा तुम्ही वापरलीत. कापलेला दहा टक्के टीडीएसही परत घेतलात. ‘सरकारला पैसे मिळाले’ कुठे?

सरळहिशेब:
मी कोणत्या स्लॅबमध्ये आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? आईच्या तेराव्याला मी बँकेत रांगेत उभा होतो. मला चोर म्हणायच्या आधी ते दिवस काढून बघा.

पोटमाळा:
चोर म्हटलं नाही. चुकीचं केलंत म्हटलं, आणि ते अजूनही म्हणतो. मीही त्याच रांगेत उभा होतो.

धाकटी:
‘ज्याच्या त्याच्या हिश्श्याने’ हे पुरुषमंडळी किती सहज लिहितात! माझ्या बाबांच्या सगळ्या ठेवींवर दादा नॉमिनी. बाबा गेले, दादाने ठेवी मोडून स्वतःच्या खात्यात घेतल्या आणि म्हणाला, ‘नॉमिनी मी आहे, पैसे माझे.’ मी धाकटी, लग्न झालेली. आई गप्प. मृत्युपत्र नव्हतं. मग आई, दादा आणि मी असे तीन समान हिस्से ना? मग व्याजावरचा कर तीन जणांनी भरायचा की ज्याने पैसे घेतले त्याने? तुमच्या कलमांत याचं उत्तर असेल तर सांगा. मला दोन वर्षं कोणी सांगितलं नाही.

चावडी:
ताई, दर वेळी भावांनाच का झोडायचं? दवाखान्याच्या पायऱ्या कोण चढलं, आजारपणात रात्री कोणी जागवल्या, हे पण मांडा. आमच्या गावात बहिणी स्वखुशीने हक्कसोड देतात, त्यात घराचा मान असतो. नॉमिनी केलं म्हणजे बापाने विचार करूनच केलं असेल.

धाकटी:
स्वखुशीने? माझ्यासमोर कागद ठेवला तेव्हा घरात पंधरा माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. आत्या म्हणाली, ‘सही कर, माहेर तुटेल.’ मी सही केली नाही. माहेर तुटलं. याला तुम्ही मान म्हणता?

बाबांच्या शेवटच्या चार महिन्यांत मी दर शनिवारी सकाळच्या गाडीने जात होते, रविवारी रात्री परत. त्याचा हिशेब मी कधी मागितला नाही. पण मी नव्हतेच असं कोणी लिहू नका.

चावडी:
तुमच्याबद्दल वैयक्तिक बोललो नव्हतो. वाईट वाटलं असेल तर तेवढं मागे घेतो. पण सगळ्या घरांत असंच असतं हे मान्य नाही.

निवृत्तलेखापाल:
इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात. बँकेने त्याच्या हातात पैसे दिले की बँक सुटते. मालकी वारसांची. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर 1983 मध्ये सांगितलं, शेअरबाबत डिसेंबर 2023 मध्ये. विम्यात 2015 च्या दुरुस्तीने ‘लाभार्थी नॉमिनी’ आला, म्हणजे पैसे ज्याचे स्वतःचे होतात असा, पण तो विम्यापुरता. सहकारी गृहनिर्माण संस्थेतही महाराष्ट्रात 2019 च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी तात्पुरता सभासदच.

म्हणून ताई, मृत्युपत्र नसेल आणि ठेव बाबांच्या स्वतःच्या कमाईची असेल, तर तुमचा तिसरा हिस्सा तुमचाच. हिंदू वारसा कायद्यात मुलगी 1956 पासून पहिल्या वर्गाची वारस आहे. त्या हिश्श्यावरचं व्याजही तत्त्वतः तुमच्या उत्पन्नात. पण जे हातात आलंच नाही त्याच्यावर कर भरायला धावू नका. एखादी ठेव अजून बँकेत असेल तर आधी बँकेला लेखी हरकत द्या. दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढता येतो. आपल्याकडे तो 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली अजूनही मिळतो. दाखला हातात आला की भावाला हिशेब द्यावा लागेल.

धाकटी:
‘हिशेब द्यावा लागेल.’ हे वाक्य मी कागदावर लिहून ठेवते. मनापासून आभार.

वकिलाचामुलगा:
माझं थोडं वेगळं. वडील वकील होते. ते गेल्यावर वर्षभर जुन्या पक्षकारांकडून फी येत राहिली. एक आजोबा तर रुमालात बांधलेले पैसे घेऊन घरी आले, ‘साहेबांचे राहिले होते’ म्हणाले. आमच्या कर सल्लागाराने सांगितलं, वडिलांचं उत्पन्न, त्यांच्याच नावावर. हे बरोबर का?

निवृत्तलेखापाल:
नाही. व्यवसायिक फीसाठी कलम 176(4) आहे. मृत्यूमुळे व्यवसाय बंद पडला आणि नंतर फी आली, तर ज्याला मिळाली त्याचं ते उत्पन्न, ज्या वर्षी मिळाली त्या वर्षाचं. रुमालातले पैसेही त्यातच. पगाराचं मात्र उलटं. मृत्यूपर्यंतचा थकलेला पगार मृताच्या विवरणपत्रात, मिळाला नंतर तरी. आणि नोकरीत असताना गेलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला मिळालेलं रजेचं रोखीकरण करपात्र नाही.

पोटमाळाशी एका मुद्द्यावर माझं जुळत नाही. ते 136 दिवसांची वाटणी सरसकट सांगतायत. ज्याने आयुष्यभर व्याज हातात आल्यावरच दाखवलं, त्याच्या बाबतीत दिवस मोजून तोडणं तितकं सरळ नाही. आईने व्याज दर वर्षी चढेल तसं दाखवलं होतं का, हे आधी बघायला हवं होतं.

पोटमाळा:
दाखवलं होतं. त्या वहीवरून दर वर्षी मीच भरत होतो. पण हे लिहायला हवं होतं, ते राहिलं. मान्य.

निवृत्त1998:
पेन्शनवाल्यांनी ऐका. माझा भाऊ गेल्यावर दोन महिने पेन्शन खात्यात येतच राहिली, कारण कळवायचं राहिलं. मग बँकेने ती रक्कम खात्यातून ओढून घेतली. खात्यात दवाखान्याचे पैसे ठेवलेले, तेही गेले. ती पेन्शन कोणाचंच उत्पन्न नव्हतं. मृत्यूचा दाखला हातात आला की आधी पेन्शनचा विभाग, मग बाकी सगळं. आणि वहिनीची कुटुंब निवृत्ती वेतनाची रक्कम हे तिचंच उत्पन्न, ‘इतर स्रोत’मध्ये. नव्या कर पद्धतीत 2024-25 पासून त्यातून एक तृतीयांश किंवा 25,000, यातलं कमी असेल ते वजा होतं. ती वजावट मागायची विसरू नका, आमची एक वर्ष राहिली.

सरळहिशेब:
लेखापाल साहेब, एक विचारतो. वडिलांचा जुना कर निघाला तर माझ्या पगारातून घेतील का? ही भीती घरोघरी आहे.

निवृत्तलेखापाल:
नाही. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत. फक्त कर बाकी आहे हे समोर असताना मालमत्ता विकून टाकलीत, तर तेवढ्यापुरते तुम्ही स्वतः अडकता. आणि टीडीएसचं म्हणाल, तर क्रेडिट दुसऱ्याच्या पॅनवर देण्याची सोय जुन्या नियमांतल्या 37बीएमध्ये आहे. बँकेला घोषणापत्र द्यायचं आणि दुरुस्त रिटर्न मागायचं. बँका टाळाटाळ करतात, हे तुमचं शंभर टक्के खरं.

सरळहिशेब:
म्हणजे सोय आहे आणि खिडकीवर कोणाला ठाऊक नाही. मग माझा राग चुकीचा नव्हता. ठीक आहे, आईच्या बाबतीत मी केलं ते बरोबर नव्हतं, एवढं लिहून देतो. पण आधी बँकेने माझा अर्ज घ्यावा, मग मला कायदा शिकवावा.

पोटमाळा:
दोन्ही मान्य. घोषणापत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, आईच्या वेळी केलेला. पाठवतो. दोन प्रती न्या, एकीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.